मास्टर दीनानाथ मंगेशकर : पडत्या काळातील एक संसार

आमच्या गोमंतकात माणसाच्या नावापुढे गावाचे नाव लागणे ही काही नवलाची गोष्ट नाही. परंतु ज्या घराण्याने गावाबरोबर गावच्या देवाचेही नाव साऱ्या भारतवर्षात घरोघरी पोहोचविले, असे घराणे एकच. सन १५६० मध्ये कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, श्रीमंगेशाचे लिंग नदीपार प्रियोळच्या डोंगराआड आणले गेले आणि त्या जागेस देवाच्या नावाने मंगेशी हे नाव रूढ झाले. त्याच मंगेशीत २९ डिसेंबर १९०० रोजी दीनानाथांचा जन्म झाला. मोठेपणी त्यांनी मंगेशकर हे आडनाव धारण केले. ते त्यांना वारशाने मिळालेले नव्हते. ते त्यांनी आपणहून घेतले, हे प्रारंभीच सांगून ठेवतो, कारण पुढील साऱ्या हकीकतीशी त्याचा संबंध आहे.

मास्टर दीनानाथांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची चपळ व तेजस्वी तान, पल्लेदार आवाज, रंगभूमीवरील देखणे रूप, आणि शेवटी त्यांच्या कन्यांची कीर्ती, अशा क्रमाने ते लिहिले जाते. प्रस्तुत लेखात मी त्यांच्या संसाराविषयी लिहिणार आहे. गवयाच्या चरित्रात त्याच्या गृहस्थाश्रमास दोन ओळींपेक्षा अधिक जागा देण्याची आपल्याकडे रीत नाही. तथापि ज्या कुळात दीनानाथ जन्मले त्या कुळात संसार ही सहजासहजी मिळणारी वस्तू नव्हती, आणि ज्या काळात त्यांनी तो केला तो काळ तर भल्याभल्यांचे संसार मोडणारा होता.

दीनानाथांच्या मातोश्री येसूबाई. देवाच्या सेवेस वाहिलेल्या कलावंत घराण्यातील त्या एक गायिका होत्या. पिता गणेशभट्ट हे मंगेशाच्या अभिषेकाचा मान असलेल्या घराण्यातील पुरोहित. या दोन वाक्यांत जे सांगितले आहे ते सर्व महाजन कुटुंबांस ठाऊक असते, आणि बहुधा मोठ्याने बोलले जात नाही. पालखीपुढे गाणे, उत्सवात नाचणे, देवळाच्या सर्व मंगल प्रसंगी उभे राहणे हा ज्यांचा धर्म ठरविला गेला, त्या स्त्रियांना स्वतःचे मंगल कार्य मात्र नाकारले गेले होते. लग्नाच्या जागी शेंसविधी होई, आणि मग पती म्हणून कोणी उरत नसे. मुले आईच्या घरी वाढत. पित्याचे घर हाकेच्या अंतरावर असले तरी त्याचा उंबरठा दूर असे. ही चाल आपल्या पूर्वजांच्या देखत, त्यांच्या संमतीने चालली, हे महाजनांच्या स्मरणिकेत लिहिताना हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे. राजाराम पैंगीणकरांसारख्या त्या समाजातीलच कर्त्या पुरुषांनी पुढे या रूढीविरुद्ध कंबर कसली आणि ती घालविली. श्रेय त्यांचे आहे, आपले नव्हे.

लिसेंवमध्ये आम्ही कामोंइशच्या कविता तोंडपाठ केल्या, परंतु तीन-चार कोसांवरील मंगेशीत केवढा गायक जन्मला हे तेथे आम्हांस कोणी सांगितले नाही. ते आम्ही ग्रामोफोनच्या तबकडीवरून शिकलो.

दीनानाथांचे आरंभीचे शिक्षण बाबा माशेलकरांपाशी झाले. पुढे त्यांना रामकृष्णबुवा वझे यांची तालीम लाभली. वयाची पंधरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्या मंडळीतून बालगंधर्व बाहेर पडले होते आणि तिला नव्या आवाजाची निकड होती. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळी स्थापिली. जगात महायुद्ध चालू होते आणि मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाने माणसे पटापट मरत होती. अशा वर्षी अठरा वर्षांचाही न झालेला मुलगा नाटक कंपनीचा भागीदार होतो, यावरून त्याच्या गळ्याची किंमत किती समजली जात होती ते कळावे. गडकऱ्यांनी मृत्युशय्येवर पुरे केलेले ‘भावबंधन’ बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील लतिकेची भूमिका दीनानाथांनी केली आणि ती अतिशय गाजली. ‘मानापमाना’तील धैर्यधर आणि ‘रणदुंदुभी’तील तेजस्विनी या भूमिकाही रसिकांच्या स्मरणात राहिल्या. स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही भूमिका त्याच तोलाने करणारे गायक नट फार झाले नाहीत.

आता लग्नाकडे येतो. तापीच्या काठी खानदेशात थाळनेर हे जुने गाव आहे. एके काळी फारुकी सुलतानांची ती राजधानी होती. तेथील शेठ हरिदास रामदास लाड हे गुजराती व्यापारी व जमीनदार. त्यांची कन्या नर्मदा हिच्याशी १९२२ मध्ये दीनानाथांचा विवाह झाला. आपल्याकडील चालीप्रमाणे वधूचे नाव बदलून श्रीमती असे ठेवले गेले. त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव लतिका. ती तान्हेपणीच गेली, आणि थोड्याच काळाने श्रीमतीही गेल्या. संसाराची चार-पाच वर्षेही पुरी झाली नाहीत.

त्यानंतर १९२७ मध्ये श्रीमतींची धाकटी बहीण शेवंती हिच्याशी दीनानाथांनी विवाह केला. तिचे नाव सुधामती झाले आणि पुढे सारे जग त्यांना माई म्हणून ओळखू लागले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. नाटकवाल्याला मुलगी देणे ही गोष्ट त्या काळी कोणत्याही प्रतिष्ठित घरास जड जात असे. कंपनी आज नागपुरास तर उद्या हुबळीस, घर म्हणून कोठे नाही, उत्पन्नाची शाश्वती नाही. त्यातून हा नट परमुलखातला, परभाषिक, आणि त्याच्या जन्मामागे मघा सांगितलेली हकीकत. असे असता थाळनेरच्या त्या घरातून एक मुलगी आली. ती अल्पकाळात दगावल्यावर त्याच घरातून दुसरी आली. पहिल्या अनुभवाने ज्या घराने दार लावून घेतले असते तर कोणी दोष दिला नसता, तेथून शेवंती मंगेशकरांच्या घरी आली. यास आपण काय नाव द्यावे? आपल्या पिढीस नवराबायकोच्या संदर्भात प्रेम हा शब्द उच्चारण्याचा संकोच वाटतो, कादंबरीत तो शोभतो असे आपण समजतो. मला मात्र दुसरा शब्द सापडत नाही. ज्याच्या आईस कोणाची पत्नी होण्याची मुभा नव्हती, त्यास पत्नी मिळाली आणि ती राहिली.

ती राहिली हे म्हणण्यास कारण आहे. लग्नास दोन वर्षे होत होती, तेव्हा २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे त्यांस पहिले अपत्य झाले. मुलीचे नाव हेमा ठेवले होते, पण ते मागे पडून लता हे नाव राहिले. त्या नावात ‘भावबंधना’तील लतिका आहे, आणि गेलेली ती तान्ही लतिकाही आहे. मुलगी महिन्याची झाली न झाली तोच ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. न्यूयॉर्क कोठे आणि इंदूर कोठे! परंतु त्या धक्क्याने जगाचा व्यापार बसला आणि त्याची झळ हिंदुस्थानच्या प्रत्येक खेड्यास लागली. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक महायुद्धापूर्वीचे भाव १०० धरून १९२९ मध्ये १४१ होता. तो १९३३ मध्ये ८७ वर आला. स्वस्ताई झाली म्हणून कोणास आनंद होण्याजोगी ही गोष्ट नव्हती. शेतकऱ्याच्या कापसास, भुईमुगास, धान्यास भाव येईना. सारा, कर्ज आणि व्याज मात्र पूर्वीच्याच रुपयांत द्यावयाचे. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हणजे बाजारपेठेच्या गावात दुकानदाराच्या हाती नाही, आणि त्याच्या हाती नाही म्हणजे नाटकाच्या तिकिटास नाही. आमच्या गोव्यातही मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चुली पेटत. मुंबईत नोकऱ्या सुटल्या की इकडे चुली विझत.

नाटक कंपनी हा धंदा मंदीत बुडण्यासाठीच निर्माण केला होता की काय असे तिचा जमाखर्च पाहिल्यास वाटते. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो. नट, गायक, साथीदार, पडदेवाले, कपडेपटवाले, आचारी, पाणके असे मोठे कुटुंब कंपनीस रोज दोन वेळ जेवू घालावे लागे, मग खेळ होवो वा न होवो. मुक्काम हलविला की पडदे व सामान वाहण्यास रेल्वेच्या वाघिणी लागत. नाटकगृहाचे भाडे आगाऊ. नवे नाटक बसवायचे तर मखमल, जर, रंगारी, सर्व सावकाराच्या पैशाने. जमेच्या बाजूस रात्रीचा गल्ला एवढीच एक कलम. खर्च ठरलेला आणि जमा नशिबावर, असे हे गणित. त्यात १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा बोलपट झळकला आणि पुढील वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीतही बोलू व गाऊ लागला. थोडक्या आण्यांत गाणे ऐकावयास मिळू लागले. नाटकगृहांचे मालक पडदा लावून चित्रगृहे करू लागले. गंधर्व मंडळीसारखी थोर संस्थाही याच वर्षांत कोलमडली.

सप्टेंबर १९३१ या एकाच महिन्याकडे पाहावे. ७ तारखेस दीनानाथांच्या घरी दुसरी कन्या मीना जन्मली. त्याच महिन्यात बळवंत मंडळीने सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक रंगभूमीवर आणले. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांचे नाटक करणे म्हणजे सरकारच्या डोळ्यावर येणे होते. कंपनी आर्थिक ओढीत असता हे धाडस दीनानाथ व त्यांच्या भागीदारांनी केले. आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेस इंग्लंडने सुवर्णमान सोडला. त्याबरोबर सोन्याचा भाव चढू लागला. तोळ्यास सुमारे २१ रुपये होता, तो काही वर्षांत ३५ च्या घरात गेला. गरजू कुटुंबांनी पेटीतले डाग बाहेर काढले. हिंदुस्थानातून शेकडो कोटी रुपयांचे सोने बोटींत भरून विलायतेस गेले. सरकारच्या तिजोरीस ते सोयीचे झाले, परंतु ते सोने म्हणजे कोणाच्या तरी आईचा गोठ, पाटली आणि पुतळ्यांची माळ होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्यास अडचणीचे सोने असे समर्पक नाव आहे.

अशा दिवसांत माईंनी पदर खोचला. १९३३ मध्ये सांगलीस आशा, १९३५ मध्ये उषा, १९३७ मध्ये हृदयनाथ, अशी मुले होत गेली. एका बाजूस मंडळीतील माणसे एकेक करून कमी होत होती, दुसऱ्या बाजूस पानावर बसणारी मुले वाढत होती. मुले आजोळी थाळनेरास जात तेव्हा आजी त्यांस पावागढच्या देवीचे गरबे शिकवी. ती गुजराती गाणी लताबाईंच्या कानावर पडलेले पहिले गाणे नव्हे, पण पहिल्यांपैकी खचित. एकीकडे वझेबुवांची तालीम आणि दुसरीकडे आजीचा गरबा, अशा दोन प्रवाहांवर ती मुले वाढली. त्यांतील दुसरा प्रवाह माईंच्या माहेरचा होता.

बोलपटाने नाटक मारले, तर आपणच बोलपट काढावा, असे मंडळीच्या मनाने घेतले. बळवंत पिक्चर्स ही संस्था निघाली आणि १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा चित्रपट पुरा झाला. दिग्दर्शन चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर यांनी केले. चित्रपटास लागणारे भांडवल नाटकाच्या कितीतरी पट, आणि अपयश आले तर दुसऱ्या रात्री दुसरा खेळ लावून ते भरून काढता येत नाही. चित्रपट चालला नाही. माझे मत विचाराल तर हा निर्णय चुकला होता, आणि तो बाजार मंद असताना घेतला म्हणून दुप्पट चुकला. पण मागाहून वही उघडून चूक दाखविणे कारकुनास सोपे असते. त्या वेळी हात जोडून बसले असते तरी नाटक वाचले नसतेच. कर्ज डोक्यावर आले, भागीदार पांगले, आणि दीनानाथ थोडक्या माणसांनिशी खेळ करीत राहिले.

याच सांगलीच्या दिवसांतली एक हकीकत लताबाई पुष्कळदा सांगत असत. दीनानाथ एका शिष्यास पूरिया धनाश्री शिकवीत होते. हे शिष्य म्हणजे पुढे नामांकित नट झालेले चंद्रकांत गोखले. त्यास रियाझ करावयास सांगून ते काही कामास बाहेर गेले. शिष्याची एक जागा चुकत होती. अंगणात खेळणारी लहानगी लता आत आली आणि ती जागा तिने त्यास गाऊन दाखविली. दीनानाथ परतले होते आणि दारात उभे राहून ऐकत होते. ते मुलीस काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी माईंना सांगितले की, घरातच गवई असताना आपण बाहेरच्यांस शिकवीत बसलो आहोत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीस उठविले, तंबोरा जुळविला आणि तालीम सुरू झाली.

मला या गोष्टीत मुलीच्या कानापेक्षाही एका दुसऱ्या गोष्टीचे मोल वाटते. कंपनी बुडत असता, हाती काही उरत नसता, घरात सापडलेल्या या ठेव्याची वार्ता त्या गृहस्थाने प्रथम धावत जाऊन स्वयंपाकघरात सांगितली. मंगेशीच्या घरी येसूबाईंस अशी वार्ता सांगावयास कोण येत असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढची वर्षे उतरणीची. ९ सप्टेंबर १९३८ रोजी सोलापुरात दीनानाथांच्या जलशात नऊ वर्षे पुरी होत आलेली लता वडिलांबरोबर बैठकीस बसून गायली. नाटकाऐवजी आता असे जलसे हाच आधार उरला होता. ज्योतिषाचा त्यांचा व्यासंग जुना होता, तो या काळात अधिक वाढला. सांगली सुटली आणि कुटुंब पुण्यास आले. दीनानाथांची प्रकृती ढासळत गेली. दुसरे महायुद्ध सुरू होऊन मंदी सरली होती, भाव वर चढू लागले होते, परंतु या घरापर्यंत ती तेजी पोहोचली नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुणे येथे मास्टर दीनानाथांचे निधन झाले. वय ४१ वर्षे. थोरली मुलगी साडेबारा वर्षांची, धाकटा मुलगा साडेचार वर्षांचा. तंबोरा, चिजांची वही आणि श्रीमंगेशाची कृपा यांखेरीज देण्यास आपणापाशी काही नाही असे त्यांनी शेवटच्या दिवसांत मुलीस सांगितले, असे लताबाई सांगत.

माई तरुण वयात विधवा झाल्या. माहेर थाळनेरास होते. त्यांनी मुलांसह स्वतंत्र बिऱ्हाड केले. मास्टर विनायकांनी कुटुंबास आधार दिला, लताबाईंनी १९४२ सालीच ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात काम केले, पुढे कोल्हापूर आणि १९४५ मध्ये मुंबई असा प्रवास झाला. त्यानंतरची कथा सर्वांस विदित आहे, ती येथे सांगत नाही. माईंनी ती पुढे कित्येक दशके डोळ्यांनी पाहिली, आणि ज्या घरात आपण बहिणीच्या रिकाम्या जागी आलो होतो त्या घराचे नाव देशोदेशी गाजताना ऐकले.

पणजीच्या कला अकादमीतील मोठ्या नाट्यगृहास दीनानाथ मंगेशकर कला मंदिर असे नाव दिलेले आहे. तेथे त्यांच्या नावासमोर उभा राहिलो म्हणजे मला थाळनेरची आठवण होते. ते गाव मी पाहिलेले नाही. मंगेशीहून निघालेल्या एका मुलास तेथे दोनदा उंबरठा ओलांडू दिला गेला, एवढेच त्याच्याविषयी मला माहीत आहे.